हवेवरची ९११

परवा भाच्याने विचारलं, "मामा, नवी पोर्शे सगळ्यात सरस, मग लोक जुनीसाठी का झुरतात?"

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा नाव होतं ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ९११. मागे सहा सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन, १३० अश्वशक्ती, आणि थंड करायला पंखा! रेडिएटरच नाही. (आपल्या चेतकलाही पंखाच होता, पण ते असो.) त्या पंख्याची कोरडी घरघर हीच तिची ओळख झाली.

मग सोडली का? धूर आणि आवाजाचे नियम कडक होत गेले. ताकदही हवी, तर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवेत, आणि तिथली उष्णता नुसत्या हवेला आवरेना. ९५९ मध्ये तर हेड पाण्यावर, सिलिंडर हवेवर, असा अर्धाअर्धा संसार मांडून झाला होता. त्यात १९९०नंतर कंपनीच बुडायला आलेली. १९९७ साली पाण्यावरची ९९६ आली, तीही पुढचे दिवे स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखेच लावून. केवढी टवाळी झाली त्या दिव्यांची! पण अशा काटकसरीवरच कंपनी तगली. शेवटची हवेवरची ९९३ मार्च १९९८ मध्ये बनली.

जुनी वळणावर मधेच ॲक्सिलरेटर सोडला की मागून फिरायची. नवी असलं काही सहसा होऊ देत नाही. मला विचाराल तर ऐकायला ९९३, रोज चालवायला ९९६.

दोन्ही परवडत नाहीत, हा भाग वेगळा.