दत्तक एका दिवसात, मान्यता मात्र…

मुकुटबनहून बोलतोय. आमच्याकडे जुन्या माणसांसमोर दत्तकाचा विषय काढला की ते आधी विचारतात, "मूल कोणाचं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "वावर कोणाच्या नावावर जाणार?" मूल घरी यायला किती दिवस लागले, हे कोणी विचारत नाही. कारण पूर्वी त्याला वेळ लागतच नव्हता.

झाशीचंच बघा. गंगाधरराव नेवाळकर आजारी होते. २० नोव्हेंबर १८५३ ला त्यांनी नात्यातल्या आनंदरावला दत्तक घेतलं, नाव ठेवलं दामोदरराव. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले. दत्तकविधान झालं एका दिवसात, पण डलहौसीनं ते राज्यापुरतं मानलं नाही. खाजगी मालमत्ता मुलाला मिळेल, गादी नाही, असा कंपनीचा हिशेब. साताऱ्यात १८४८ ला हेच झालं होतं. झाशीपाठोपाठ डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये आपलं नागपूरही गेलं.

हे झालं राजेरजवाड्यांचं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुण्याची गोष्ट. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, पाहिजे तर मूल तिथंच ठेवून जावं. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा अशीच आली. तिच्या मुलाला फुले दांपत्यानं १८७४ मध्ये आपलं केलं. तोच यशवंत. इथं देणारी आई समोर होती, घेणारे समोर होते. प्रतीक्षायादी नाही, अर्ज नाही. पण जात वेगळी आणि बाप अज्ञात, मग शास्त्राच्या भरवशावर कोण राहणार? म्हणून जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र नोंदवलं आणि यशवंतला वारस केलं. एवढं करूनही १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंद अडून बसले. शेवटी सावित्रीबाईंनी स्वतः ते धरलं आणि त्या पुढं चालल्या. सोळा वर्षं घरात वाढलेला मुलगा, तरी भाऊबंदांच्या लेखी परकाच.

आता आजकडे येतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात देणं आणि घेणं प्रत्यक्ष व्हावं लागतं, दत्तहोमाची सक्ती नाही. जन्मदाते आईबाप समोर असतील आणि बाकीच्या अटी बसत असतील तर दत्तकपत्र आजही एका दिवसात नोंदतं. घोडं अडतं ते देणारा सापडत नाही तिथं. मग देणाऱ्याच्या जागी सरकार उभं राहतं, आणि सरकारला आधी खात्री करावी लागते की मागे खरंच कोणी नाही. वेळ जातो तो यात.

हे सांगायचं कारण, आमच्या एका श्रोत्या ताईंचा मेसेज. त्यांच्याकडे संगोपनासाठी दिलेली एक मुलगी दोन वर्षांपासून आहे. ती त्यांना आई म्हणते. मुलीची आजी मात्र अजून सणावाराला भेटायला येते. ताई विचारतात, "दादा, ही कागदावर आमची कधी होणार?"

ताई, संगोपन म्हणजे दत्तक नव्हे. महाराष्ट्राची बाल संगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, ती मुळात मूल अनाथाश्रमात न जाता कुटुंबात वाढावं म्हणून. जमेल तेव्हा ते आपल्या माणसांत परत जावं, हीच अपेक्षा. संगोपन करणाऱ्यांना दत्तक घेता येतं, पण बाल कल्याण समितीनं मूल दत्तकासाठी कायदेशीर मुक्त ठरवलेलं असेल तरच. पूर्वी त्याआधी पाच वर्षं सांभाळ लागायचा, आता दोन.

मुक्त ठरवायलाही मुदत आहे. सोडून दिलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार. आईबापांनी स्वतः सोपवलं असेल तर त्यांना फेरविचाराला साठ दिवस. पुढचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यालाही दोन महिने. कागदावर हे फार नाही. कारामार्फत तान्हं बाळ मागणारे तर तीन वर्षांहून जास्त थांबतात, कारण घरं जास्त आणि बाळं कमी.

तुमच्या बाबतीत पहिला सवाल वेगळाच आहे. यवतमाळच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा, मुलीचं मुक्ततेचं प्रमाणपत्र झालंय का? नसेल तर दोन वर्षं सांभाळलं म्हणून दत्तकाचा हक्क आपोआप येत नाही. आणि समिती चौकशीला बसली की आजीला बोलावणारच. आजीचं येणं लपवू नका. ती नात मागेल, किंवा म्हणेल की हिला इथंच राहू द्या, मी येत जाईन. दोन्ही होऊ शकतं, आणि ते तिच्याच तोंडून समितीपुढं यायला पाहिजे.