नट आवळण्याचे माप

ठाण्याहून निघालेला जुना आग्रा रस्ता बाळकुमवरून कशेळीच्या पुलाकडे वळतो व उल्हास नदी ओलांडून भिवंडीस जातो. ज्या गावाच्या अंगावरून इतकी वाहने जातात, त्या गावास पाना, जॅक आणि ग्रीसचा डबा यांची ओळख करून द्यावयास नको. आता तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि मोटारीचे चाक स्वहस्ते बदलावे, स्कूटरचा प्लग स्वतःच काढून पुसावा, अशी हौस बाळगणारा सुशिक्षित गृहस्थही तेथे राहावयास आला आहे. त्याचा प्रश्न साधा असतो: नट नेमका किती आवळावा हे सांगणारा टॉर्क पाना घ्यावा तर कोणता, जो खिशास परवडेल आणि खोटेही बोलणार नाही? या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापेक्षा इतिहासाकडून अधिक चांगले मिळते, असे आमचे मत आहे.

इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांची एकच पद्धत सर्वांनी स्वीकारावी असा आग्रह धरला, तेव्हापासून एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टास बसू लागला. परंतु तो आवळावा किती, ही गोष्ट मिस्त्रीच्या मनगटावरच राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले त्या काळी चांगला कारागीर म्हणजे ज्याचा हात ‘बसलेला’ आहे तो, एवढीच कसोटी होती. हाताच्या या ज्ञानाविषयी आम्हांस आदर आहे. तथापि ते ज्ञान वारशाने मिळत नाही व पुस्तकातही उतरत नाही. ज्याला वर्षातून चार वेळाच पाना हाती धरावयाचा आहे, त्याला ते मिळण्याचा मार्गच नाही.

बोल्ट ही वस्तुतः एक ताठर स्प्रिंग आहे. नट फिरविला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांस घट्ट धरून ठेवतात. ताण कमी पडला तर धक्क्यांनी नट सैल होतो; फाजील झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, नाही तर ‘आटे जातात’. ॲल्युमिनियमच्या इंजिनात पोलादी प्लग बसविताना हे दुसरे संकट विशेष संभवते, आणि पान्याला पाइप घालून जोर करण्याची जी आपल्याकडे चाल आहे, ती या संकटास आमंत्रणच होय.

मापाचा पाना प्रथम मोटारीसाठी निघाला नाही, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार याने १९१८ साली तो योजिला, तो जमिनीखालच्या नळांच्या सांध्यांवरील बोल्ट माणसे प्रमाणाबाहेर आवळतात म्हणून. पुढे १९३७ साली त्याला व त्याच्या सहकाऱ्याला त्याचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्लंडातील बॅनबरी गावी असेच पाने करणारा कारखाना निघाला. विमानांच्या इंजिनांना त्यांची गरज होती. नळ, मोटार आणि विमान, तिन्ही ठिकाणी दुखणे एकच: माणसाचा हात रोज सारखा नसतो.

आमच्या भागात या मापाने मोठी गंमत केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाट आल्या. पहिलीचे माप फूट-पौंडात, दुसरीचे किलोग्रॅम-मीटरमध्ये. दशमान वजने आपल्या देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून लागू होऊ लागली, आणि आजची माहितीपुस्तके न्यूटन-मीटर बोलतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर आणि १ फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६. जुनी पद्मिनी जिवापाड सांभाळणाऱ्याने पान्यावर कोणते माप कोरले आहे हे आधी पाहावे. येथे झालेली चूक पान्याच्या कोणत्याही अचूकपणाने भरून निघत नाही.

आता अचूकपणाकडे वळू. खटका वाजून इशारा देणाऱ्या पान्याने १० न्यूटन-मीटरच्या वर शेकडा ४ पेक्षा अधिक चुकू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ग्राहक या आकड्यावर भाळतो. परंतु आपण लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, शेकडा ४० च्या आसपास आट्यांत जिरतो, आणि बोल्टाला ताणण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आटे गंजलेले, कोरडे की तेलकट, एवढ्या फरकानेच बोल्टातील ताण शेकडा २५ ने इकडेतिकडे होऊ शकतो. मग पान्यातील शेकडा १-२ अचूकपणासाठी दुप्पट-तिप्पट दाम मोजणे ही घरगुती कामापुरती निव्वळ चैन होय, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तो पैसा तारेच्या ब्रशावर आणि गाडीच्या माहितीपुस्तकावर खर्च करावा. आणि पुस्तकात सांगितले नसेल तर आट्यांस तेल लावू नये.

आमची स्वतःची पसंती जुन्या दांडी-काट्याच्या पान्यास आहे. त्याची दांडी वाकते, काटा सरळ राहतो, व पट्टीवर आकडा दिसतो. रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलेला नियम, एवढेच त्याचे सारे यंत्र. काटा शून्यावर नसला तर तो दोष डोळ्यांस तत्काळ दिसतो. खटक्याच्या पान्यातील स्प्रिंग थकली तरी खटका पूर्वीसारखाच ऐटीत वाजतो! अडचणीच्या जागी, जेथे पट्टी वाचता येत नाही, तेथे मात्र खटकाच बरा. बहुतेक लहान मोटारींच्या चाकांस ८० ते ११० न्यूटन-मीटर लागतात, प्लगास १० ते २५. दोहोंस एकच पाना पुरेल ही आशा सोडावी. चाकासाठी घ्यावयाचा असेल तर हे आकडे त्याच्या मापाच्या मध्यावर पडतील असा घ्यावा.

विकत आणल्यावर त्याची परीक्षा घरीच करता येते. चौकोनी टोक शेगड्यात पकडून पाना आडवा ठेवावा व काटा कोठे आहे ते टिपून घ्यावे. मग टोकाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, मूठ तेथे येत असल्यास, बादलीसह १० किलो भरेल इतके पाणी टांगावे. काटा सुमारे ३९ न्यूटन-मीटर पुढे सरकला पाहिजे. खटक्याचा पाना ३५ वर लावून पाहावा, मग ४५ वर. पहिल्या वेळी वाजला व दुसऱ्या वेळी गप्प राहिला तर तो कामाचा आहे. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, आणि गंजलेला नट सोडविण्यासाठी तो शेजाऱ्यास उसना देऊ नये.