‘महल’ कोणता?

मागच्या महिन्यात बडोद्याहून एका काकूंचा फोन आला. घर बदलायचं होतं आणि वडिलांच्या मागे राहिलेली तबकड्यांची एक पेटी आवरायला काढली होती. त्यातल्या एका तबकडीवर सिनेमाचं नाव होतं ‘महल’ आणि गायिकेचं नाव ‘कामिनी’. नातवानं मोबाइलवर ‘महल’ शोधला. त्याला देव आनंद आणि आशा पारेख दिसले, संगीत कल्याणजी-आनंदजींचं, आणि गाणाऱ्यांत कामिनी कुणीच नाही. तो म्हणाला, आजी, ही कसलीतरी नकली तबकडी आहे, भंगारवाल्याला देऊन टाकू. काकूंनी मला विचारलं, “देऊ का हो?”

मी फोनवर जवळजवळ ओरडलोच. नातवाची चूक नव्हती. त्याला सापडला तो ‘महल’ १९६९चा. काकूंच्या हातात होता तो १९४९चा: बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, अशोककुमार आणि मधुबाला, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. मधुबालेच्या पात्राचं नाव कामिनी. त्या काळी तबकडीच्या लेबलवर कधी कधी गाणाऱ्याऐवजी पडद्यावरच्या पात्राचंच नाव छापत, तसं इथे झालं. गाणं गाजलं, रेडिओवर श्रोते विचारू लागले की ही गाणारी कोण, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचलं. म्हणजे त्या पेटीत लताबाईंचं नावच नसलेली लताबाईंची तबकडी होती, आणि ती भंगारात निघाली होती. एका शब्दाचं नाव दोन सिनेमांनी वाटून घेतलं, एवढ्याच कारणानं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आपल्या सिनेमाला एका शब्दाच्या नावांचं एवढं वेड का? आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा का?

याचं एक कारण सरळ आहे. बोलपट मुंबईत, पुण्यात, कलकत्त्यात तयार व्हायचा, पण चालायचा लाहोरपासून हैदराबादपर्यंत. नाव असं हवं की पानवाल्यालाही कळावं आणि वकिलालाही. हिंदी-उर्दूच्या सामायिक बोलीत असे शब्द मोजकेच: किस्मत, अंदाज, बरसात, दोस्ती, आग, आदमी. पोस्टरवर नाव नागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिपींत रंगवायचं असे. शब्द एकच असला की तो लांबूनही वाचता येई.

आता नशिबाचंच बघा. १९४३ या एकाच वर्षात मेहबूब खान यांचा ‘तकदीर’ आला आणि बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ही. अर्थ एकच. ‘किस्मत’ कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. त्याचं संगीत अनिल विश्वासांचं, गीतं कवी प्रदीपांची. (प्रदीप म्हणजे आमच्या माळव्यातल्या बडनगरचे. मी इंदूरचा, म्हणून एवढी फुशारकी चालवून घ्या.) त्यातल्या एका गाण्यात परक्यांना देश सोडायला बजावलं होतं. महायुद्ध चालू होतं, प्रदीपांनी गाण्यात जर्मन आणि जपान्यांची नावं घातली, म्हणून ते सेन्सॉरमधून सुटलं. ऐकणाऱ्यांना मात्र खरा रोख बरोबर कळला.

पुढे १९६८ साली मनमोहन देसाईंनी ‘किस्मत’ केला, संगीत ओ. पी. नय्यर. तो वेगळाच, नाच-गाण्याचा, रहस्याचा मामला. १९८१मध्ये त्याच देसाईंनी ‘नसीब’ केला. नंतर १९९५ आणि २००४मध्ये आणखी दोन ‘किस्मत’ आले, त्यांच्यावर मी तुमचा वेळ घालवत नाही. पण आज कुणी नुसतं ‘किस्मत’ शोधलं तर अनिल विश्वास किती खाली सापडतील, हे तुम्हीच करून बघा.

मराठी माणसाला जास्त लागावं असं उदाहरण प्रभातचं आहे. १९३९ साली शांतारामबापूंनी ‘माणूस’ केला, त्याचीच हिंदी आवृत्ती ‘आदमी’. संगीत मास्टर कृष्णरावांचं. १९६८ साली दिलीपकुमार, वहिदा रेहमान, मनोजकुमार यांचा ‘आदमी’ आला, संगीत नौशाद. नौशादमियांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांची गाणी मीही गुणगुणतो. पण मास्टर कृष्णरावांची हिंदी गाणी त्या नावाखाली दबली. मराठी नावावर मात्र ती शाबूत राहिली. १९३७च्या ‘कुंकू’चं हिंदी नाव एका शब्दात ठेवलंच नाही, ते ‘दुनिया न माने’ झालं. योगायोगानं म्हणा, त्याचा फायदा असा की ते नाव आजही लगेच त्या एकाच सिनेमापाशी नेतं.

तुम्ही विचाराल, याला काही कायदा नाही का? निर्मात्यांच्या संघटना आहेत, त्यांच्याकडे नाव नोंदवतात. ते सभासदांचं आपसातलं बंधन. पण नावावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली ‘देसी बॉइज’च्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. म्हणजे कथा, गाणी, संवाद तुमचे, पण ‘किस्मत’ हा शब्द सगळ्यांचा.

उरतो ट्रेडमार्क. तिथे विचारतात ते असं: हे नाव ऐकलं की लोकांना तुमचाच सिनेमा आठवतो का? २००७ साली राम गोपाल वर्मांच्या ‘निःशब्द’ला त्याच नावाच्या बंगाली चित्रपटाच्या निर्मात्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचा सिनेमा आधीचा होता, तरी त्यांना मनाई हुकूम मिळाला नाही. नुसतं आधी असून भागत नाही, नाव लोकांच्या मनात बसलेलं लागतं.

उलट टोकाला ‘शोले’. वर्मांनी त्याच वर्षी ‘शोले’ पुन्हा करायला घेतला, तेव्हा हक्काचे वाद झाले आणि सिनेमा ‘आग’ या नावानं आला. ‘आग’ म्हणजे १९४८चा राज कपूर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, पण त्या शब्दाला कुंपण नव्हतं. २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तर म्हटलं की काही सिनेमांची नावं साध्या शब्दांच्या पलीकडे जातात आणि ‘शोले’ त्यांतलं एक. ते नाव वेबसाइटसाठी वापरणाऱ्यांना पंचवीस लाखांचा खर्च भरावा लागला.

निकाल मला पटतो. तरी एक गोष्ट सांगतो. १९७५च्या आधी, १९५३ साली, बी. आर. चोप्रांनी ‘शोले’ नावाचाच सिनेमा केला होता. अशोककुमार आणि बीना राय त्यात होते. आमच्या श्रोत्यांपैकी कितींना ठाऊक आहे, हात वर करा! त्या शब्दावर गब्बरनं कब्जा केला तो केलाच.

मग जुनं शोधायचं कसं? नावाबरोबर साल धरा, आणि साल नसेल तर संगीतकार धरा. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे दशकवार खंड तयार केले. त्यात गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक असं सगळं आहे. लेबलवर साल बहुधा नसतं, क्रमांक असतो. मी काकूंना तो वाचून दाखवायला सांगितला. मग कागदी पाकिटावर पेन्सिलीनं ‘महल, १९४९, गायिका लता मंगेशकर’ असं लिहा म्हटलं, आणि लेबलला काही चिकटवू नका म्हणूनही बजावलं.

चार दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन. पेटीत ‘अंदाज’चीही एक निघाली होती. “दिलीपकुमारचा की शम्मी कपूरचा? नातू म्हणतो अक्षयकुमारचाही आहे.”

मी विचारलं, तबकडी कशाची आहे, लाखेची की प्लॅस्टिकची? १९७१च्या ‘अंदाज’पर्यंत लाखेच्या तबकड्यांचे दिवस आपल्याकडे सरले होते. लाखेची असली तर १९४९चा, नौशादचा. ती पडली तर फुटते.

काकू म्हणाल्या, “मग तोच. कडेचा तुकडा मीच पाडलाय, सातवीत असताना. बाबा दोन दिवस बोलले नव्हते.”