हुकूमशहा आभाळातून पडत नसतो



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले. मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस. पाळी सुटली की वाचनालयात बसायचो, तेवढीच माझी शाळा. पण रविवारच्या अभ्यासवर्गात एक मुलगा म्हणाला, "काका, या देशाला एकदा हिटलरसारखा कडक माणूस पाहिजे. सगळे सरळ होतील." दोघेचौघे हसले, दोघाचौघांनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याची भीती वाटली. त्या वेळी नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून आता लिहितो.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. 1919 च्या व्हर्सायच्या तहाने त्याच्यावर जबर दंड बसला. 1923 मध्ये महागाई अशी भडकली की सकाळच्या नोटेची किंमत संध्याकाळी राहत नसे. जरा सावरतात तोच 1929 ची मंदी आली. 1932 मध्ये सुमारे 60 लाख माणसं बेकार होती. गिरणी बंद पडली की घरात काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. अशा वेळी माणूस दोन गोष्टी शोधतो : दोष द्यायला कोणीतरी आणि तारायला कोणीतरी. हिटलरने दोन्ही पुरवले. दोष ज्यूंवर आणि कामगार पुढाऱ्यांवर टाकला, तारणहार स्वतः झाला.

तरी मोकळ्या निवडणुकीत त्याला निम्मी मते कधीच मिळाली नाहीत. जुलै 1932 मध्ये शेकडा 37, नोव्हेंबरमध्ये शेकडा 33. पण कामगारांचे दोन मोठे पक्ष एकमेकांशीच भांडत बसले, आणि वरच्या लोकांना वाटले, या माणसाला आपण खिशात ठेवू. 30 जानेवारी 1933 ला त्यांनीच त्याला चॅन्सेलर केले. 27 फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी सभा-भाषणाचे हक्क गेले. 23 मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. 1 मेला कामगारांना पगारी सुट्टी देऊन मिरवणुका काढल्या, आणि 2 मेला युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना पकडले. 14 जुलैला बाकीच्या पक्षांना बंदी. साडेपाच महिन्यांत सारा कारभार आटोपला!

1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांच्याशी लग्न करणे गुन्हा ठरवला. आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, मग तो बाटणार! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावायला घेतला. आज मी "साच्यावर उभा राहिलो" असे लिहू शकतो, त्यामागे एवढा झगडा आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवायची, हा पाया तिथेही तोच आणि इथेही तोच.

आता युद्ध का झाले? ज्या राज्यात "नाही" म्हणणारा उरत नाही, तिथे चूक थांबवणाराही उरत नाही. वर्तमानपत्र बंद, युनियन बंद, विरोधी पक्ष तुरुंगात. काम मिळाले खरे, पण त्यातले बरेचसे शस्त्रांचे. शस्त्रे बनली की ती वापरायची घाई होते. 1931 मध्ये जपानने मांचुरिया घेतला, 1935 मध्ये मुसोलिनी अॅबिसिनियावर चालून गेला. जग बघत राहिले. मग हिटलरने 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळला, आणि 1 सप्टेंबर 1939 ला पोलंडवर हल्ला केला. सहा वर्षांत पाच-सहा कोटी माणसं मेली. त्यात 60 लाख ज्यू.

हे युद्ध लांबचे नव्हते. व्हाइसरॉयने आपल्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला. 2 ऑक्टोबर 1939 ला मुंबईच्या हजारो कामगारांनी त्याविरुद्ध संप केला. बाबासाहेबांनी मात्र नाझीवादाचा धोका ओळखला होता. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, मुंबई रेडिओवरून त्यांनी सांगितले की नाझी जिंकले तर कामगाराचे स्वातंत्र्य आणि समता दोन्ही जातील. पण नुसते युद्ध जिंकूनही भागणार नाही, नवा समाज घडवावा लागेल. 14 एप्रिल 1944 ला, जयंतीच्या दिवशी, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच बोटीत भरल्या होत्या. शेकडो माणसं गेली, त्यात 66 बंबवाले होते. हुकूमशहा बर्लिनचा, आणि आग मुंबईच्या कामगाराच्या घराला!

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला : राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाचा दाखला दिला. संघात ठराव मांडत, मते मोजत, गणपूर्ती पाहत. आणि स्वतः भगवान बुद्धांनी आपल्या मागे गादीवर कोणाला बसवले नाही, धम्मालाच पुढे ठेवले.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे : बाळा, कडक माणूस पहिल्यांदा दुसऱ्याला सरळ करतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पुढची पाळी आपली असते. आपल्याला कडक माणूस नको, कडक कायदा हवा, आणि तो सगळ्यांना सारखा हवा. त्याची सवय घरापासून लावू. विहाराच्या सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा उठून प्रश्न विचारा. अध्यक्ष रागावले तरी विचारा. मी बोललो म्हणून माझेही खरे मानू नका, वाचून बघा. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावणे सोपे आहे. त्यांचा इशारा डोक्यात ठेवणे, ही खरी वंदना.

जयभीम! नमो बुद्धाय!