स्मृतिभ्रंश आणि जीवनाच्या गुणवत्तेचे मापन : साक्षीच्या प्रश्नाचा इतिहास

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात औगुस्त डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी प्रश्न व तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, या अर्थाचे तिचे उद्गार त्या टिपणांत आढळतात. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर अल्झायमर यांनी ट्यूबिंगेन येथे जे निवेदन केले, त्यात महत्त्व मिळाले ते तिच्या मेंदूतील विकृतींना. रुग्णाचे बोलणे हे यापुढे बराच काळ केवळ विकाराचे लक्षण ठरले. साक्ष म्हणून त्याला स्थान उरले नाही.

मापनाचा पुढील इतिहास याच दिशेने गेला. १९६८ मध्ये न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी नातेवाइकांच्या माहितीवरून दैनंदिन अक्षमतेची श्रेणी ठरविली आणि मृत्यूनंतर मेंदूत आढळलेल्या विकृतींशी तिचा संबंध दाखविला. १९७५ मध्ये फोल्स्टाइन दांपत्य व मॅकह्यू यांची ३० गुणांची चाचणी आली. या साधनांची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि किती हरपले एवढेच ती सांगतात. जे उरले आहे ते जगणे कसे आहे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

तो प्रश्न प्रथम पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय फिलाडेल्फियाचे एम. पॉवेल लॉटन यांना द्यावे लागेल. वर्तनक्षमता, परिस्थिती, मनःस्वास्थ्य आणि व्यक्तीला स्वतःला जाणवणारी गुणवत्ता अशी चार अंगे त्यांनी मानली. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या पद्धतीत निरीक्षक दर पाच मिनिटांनी रुग्णाचे वर्तन व सुस्थिती नोंदवितो.

१९९९ हे वर्ष या इतिहासात निर्णायक म्हटले पाहिजे. उत्तर कोणी द्यावे, या एकाच प्रश्नाला त्या वर्षी तीन भिन्न उत्तरे मिळाली. रेबिन्स व सहकाऱ्यांनी शुश्रूषा करणाऱ्यांना विचारले. ब्रॉड व सहकाऱ्यांनी केवळ रुग्णाला. लॉग्सडन व सहकाऱ्यांनी दोघांनाही. लॉग्सडन यांच्या प्रश्नावलीत १३ बाबी असून एकत्रित गुणांकनात रुग्णाच्या उत्तराला दुप्पट वजन आहे. २००५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी रुग्णासाठी २८ व निकटवर्तीयांसाठी ३१ प्रश्नांच्या दोन स्वतंत्र प्रश्नावल्या केल्या.

या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसून आली : रुग्ण आपल्या जीवनाला जे गुण देतो, ते आप्तांनी दिलेल्या गुणांहून बहुधा अधिक असतात. यावर रुग्णाला आपल्या अवस्थेचे भान नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु आप्ताच्या उत्तरातही त्याचा स्वतःचा शीण व विषाद उतरतो, हेही दिसून आले आहे. शिवाय जीवनाची गुणवत्ता आणि स्मरणशक्तीचे गुण यांचा संबंध क्षीण असतो. खिन्नतेशी तिचा संबंध अधिक दृढ आढळतो. तेव्हा स्मृती गेली म्हणजे साक्षही गेली, हे अनुमान टिकत नाही. वाणीच लोपल्यावर मात्र निरीक्षणावाचून गत्यंतर नाही, हे मान्य केले पाहिजे.

मराठीपुरता हा प्रश्न भाषेचाही आहे. ‘जीवनमान’ हा रूढ शब्द मिळकतीकडे झुकतो, तर ‘म्हातारचळ’ हा शब्द बोलणाऱ्याची साक्ष ऐकण्यापूर्वीच बाद करतो. लॉग्सडन यांच्या प्रश्नावलीत वाईटापासून उत्कृष्टापर्यंत चार पायऱ्या आहेत. त्यांपैकी कोणत्या पायरीवर ‘बरं आहे’ हे उत्तर बसवावे? ते समाधान असेल, सहनशीलता असेल, किंवा विचारणाऱ्याचा मान राखण्याची रीतही असेल. निरक्षरांना इंग्रजी चाचणी तशीच लावता येत नाही, हे ओळखून हरियाणातील बल्लभगढ येथील अभ्यासासाठी हिंदी चाचणी रचण्यात आली आणि ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. स्मृतीच्या मापनात जी दक्षता आवश्यक ठरली, ती सुखदुःखाच्या मापनात त्याहून अधिक हवी. शब्दांचे भाषांतर झाल्याने प्रश्नावली मराठी होत नाही. उत्तर देणाऱ्याच्या बोलण्याचा अर्थ जाणला, तरच तिला साक्षीचे मोल येते.