चाकावरचा हिशेब : वऱ्हाडात सायकल परवडली कशी?

१/ अमरावती आणि अकोला ही कापसाच्या बाजाराची शहरे. कापूस विकणाऱ्याची खोट्या मापांनी आणि मनमानी वजातींनी होणारी लूट थांबावी, म्हणून १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातील बाजारनियमनाचा हा पहिला कायदा मानला जातो. मात्र कापसाच्या त्याच पैशातून सायकल घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला तिचा भाव कुठेही लिहिलेला सापडत नसे.

२/ सायकलची किंमत हा एक आकडा नव्हताच. ती तासांत, सुट्या भागांत, हप्त्यांत, हंगामात आणि कधी लग्नाच्या बैठकीत ठरत असे. हातात थोडेच पैसे असलेल्या माणसापर्यंत दोन चाके कशी पोहोचली, याचा इतिहास या तुकड्यांतूनच जुळवावा लागतो. #धागा

३/ सुरुवात वऱ्हाडाबाहेर, बेळगावात. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी तेथे सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक होते. ते सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात विकत. सायकल ७०० ते १००० रुपयांना जाई आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेतले जात, असे या घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते.

४/ आकड्यांपेक्षा त्यातील विभागणी महत्त्वाची आहे. वस्तूची किंमत वेगळी, ती वापरण्याच्या कौशल्याची किंमत वेगळी. गिऱ्हाईक थोडे आणि श्रीमंत होते, त्यामुळे दुकानदाराला एका विक्रीतून दोनदा कमाई करता येई. पुढे गिऱ्हाईक गरीब झाले, तेव्हा हीच विभागणी वेगळ्या रूपात परत आली.

५/ वऱ्हाडात रोख पैसा आणला तो कापसाने. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव भडकले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कापूस ज्या वाटेने मुंबईला गेला, त्याच वाटेने विलायती माल आत आला. पुढे त्यात सायकलही होती.

६/ रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स ही सारी इंग्लिश नावे. सायकलवर आधी बसले ते वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी आणि सधन घरांतील तरुण. १९३० च्या दशकात जपानी सायकली आणि सुटे भाग आले. इंग्लिश मालापेक्षा ते बरेच स्वस्त होते. “टिकाऊ घ्यावे की परवडेल ते घ्यावे?” हा गिऱ्हाइकाचा सनातन प्रश्न सायकलच्या दुकानात तेव्हाच उभा राहिला.

७/ खरेदीनंतरही खर्च संपत नसे. १९२२ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायद्याने वाहनांवर कर बसवण्याची मुभा पालिकांना दिली. महाराष्ट्रातील अनेक शहरांत सायकलचा कर भरला की धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा हवा, एकावर दोघे नकोत, असे नियमही होते. दिव्याचे तेल, कर आणि दंड मिळून मालकीची खरी किंमत ठरे.

८/ स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स आधीपासून होती. त्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो हे कारखाने आले. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ९९ हजार सायकली तयार झाल्या, तर १९६०-६१ मध्ये सुमारे १० लाख ७० हजार.

९/ दहा वर्षांत दहापट! या वाढीला लुधियानातील लहान कारखान्यांचा मोठा आधार होता. कुणी फक्त पायडल करी, कुणी फक्त हब, कुणी फक्त घंटी. सुटा भाग स्वतंत्रपणे मिळू लागल्याने गावोगावच्या दुकानदाराला एक नवे सामर्थ्य मिळाले. गिऱ्हाइकाची ऐपत पाहून त्याला सायकल ‘बांधून’ देता येऊ लागली.

१०/ कारखान्यातून सायकल तयार अवस्थेत येतच नसे. फ्रेम, रिम, हब आणि तारा वेगवेगळ्या येत. दुकानातला मिस्त्री चाक विणी. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, ही जुनी इंग्लिश रीत. मग तो चाक फिरवून, तारा ताणून ‘आऊट’ काढी. २२ किंवा २४ इंची फ्रेम आणि २८ इंची चाके असलेली काळी सायकल अशी दुकानाच्या पायरीवर जन्माला येई.

११/ भावाची खरी गंमत येथे होती. दुकानदार सांगे तो भाव बहुधा उघड्या सायकलचा. टायर-ट्यूब कोणत्या कंपनीचे? सीट साधी की स्प्रिंगची? स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर, कुलूप, घंटी, डायनॅमो यांचे काय? प्रत्येक उत्तरासरशी आकडा वाढे. नावाजलेल्या सायकलचा भाव सर्वांना ठाऊक असल्याने त्यात नफ्याला जागा कमी. नफा असे तो या जोडसामानात.

१२/ याला निव्वळ लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. याच पद्धतीमुळे गरीब गिऱ्हाइकाला खरेदी टप्प्याटप्प्याने करता येई. आज सायकल, पुढच्या पगाराला कॅरिअर, दिवाळीला डायनॅमो. दूधवाल्याला मात्र भक्कम कॅरिअर पहिल्याच दिवशी लागे, कारण दुधाच्या कॅनवरच त्याची कमाई. कोणता भाग आज हवा आणि कोणता थांबू शकतो, हे धंद्यावर ठरे.

१३/ घासाघीस हा त्या व्यवहाराचा अटळ भाग होता. गिऱ्हाईक क्वचितच एकटे येई. सोबत सायकलीतला जाणकार शेजारी किंवा मामा असे. भाव कमी होत नसेल तर घंटी फुकट मागायची, सीटकव्हर मागायचे, वर्षभर ‘आऊट’ काढून देण्याचे वचन घ्यायचे. दुकानदारही रोख सूट देण्यापेक्षा वस्तू किंवा श्रम देणे पसंत करी. त्याला ते स्वस्त पडे आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येई.

१४/ ज्यांना एवढेही शक्य नव्हते, त्यांच्यासाठी तासाची सायकल होती. मडगार्डवर रंगाने क्रमांक, दुकानात वही, वहीत नाव आणि वेळ. ओळख असेल तर सायकल मिळे, नसेल तर जामीन लागे किंवा अनामत ठेवावी लागे. फ्रेमच्या मधून पाय घालून अर्धे पायडल मारणारी मुले याच सायकलींवर शिकली. १५ रुपयांची किर्लोस्करी शिकवणी आता काही आण्यांत आली होती.

१५/ एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, तासाचे भाडे चार आणे आणि वापर रोज दोन तास. महिन्याचे १५ रुपये आणि वर्षाचे १८० रुपये होतात. काही काळात भाड्यापोटी सायकलएवढी रक्कम जाते आणि सायकल दुकानदाराचीच राहते. तरीही लोक भाड्यानेच घेत, कारण आठ आणे रोज निघत, पण १८० रुपये एकदम कधीच हाती येत नसत. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

१६/ भाड्याच्या सायकलीचे दुसरे आयुष्य जुन्या सायकलींच्या बाजारात सुरू होई. टायर, चेन आणि छर्रे बदलता येतात. फ्रेम मात्र दशके टिकते. म्हणून जाणता गिऱ्हाईक रंगाला भुलत नसे. फोर्क वाकलेला आहे का, फ्रेमला झाळ लावली आहे का, चाक डगमगते का, हे तो पाही. फ्रेमवरचा क्रमांक आणि पावती जुळते का, हेही पाही. कारण चोरीच्या सायकलीइतकी महाग सायकल दुसरी नाही.

१७/ आता हंगाम. दसऱ्याच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, दिवाळीच्या आगेमागे पहिला पैसा घरात येतो आणि उन्हाळ्यात लग्नसराई येते. पावसाळ्यात शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि निंदणीत अडकलेला असतो. त्यामुळे वऱ्हाडात सायकल केव्हा घ्यायची, हे पंचांगाइतकेच कापसाच्या बोंडावर अवलंबून असे. पाडव्याला साल बदलणाऱ्या सालदाराचा हिशेब तर वर्षातून एकदाच होई.

१८/ १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. भावाची हमी आली, पण चुकारा एकरकमी मिळेलच असे नव्हते. तो टप्प्यांनी मिळे. शेतकऱ्याचे उत्पन्नच हप्त्याने येऊ लागले, तर खर्च एकरकमी कसा व्हावा? बाजारपेठेतील उधारीच्या वह्यांनाही मग चुकाऱ्याच्या तारखेप्रमाणे चालावे लागे.

१९/ हप्त्याचा व्यवहार प्रामुख्याने विश्वासावर चाले. ओळखीचा जामीन आणि वहीतील सही एवढाच त्याला आधार. संसदेने १९७२ मध्ये भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा केला. एकूण किंमत, हप्ते आणि वस्तू परत नेण्याच्या अटी लेखी असाव्यात, हा त्याचा गाभा. परंतु तो प्रत्यक्षात अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे नियम कागदावर होते, सायकल मात्र शब्दावर फिरत राहिली.

२०/ सरकारी शिपाई किंवा कारकून असेल तर गोष्ट वेगळी. कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना ‘सायकल अग्रिम’ मिळे आणि तो पगारातून हप्त्याने कापला जाई. दुकानदाराला रोख, कर्मचाऱ्याला बिनव्याजी सायकल! सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने हा अग्रिम बंद केला. त्याच दुकानात त्याच दिवशी आलेल्या शेतमजुराला मात्र असा आधार कधीच नव्हता.

२१/ किंमत चुकवणारा नेहमी सायकलवर बसणाराच असे, असेही नाही. सायकल, घड्याळ आणि रेडिओ या तीन वस्तूंनी महाराष्ट्रातील कित्येक लग्नांच्या बैठका अडवल्या. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतरही ‘नवरदेवाला सायकल’ ही मागणी थांबली नाही. दुकानातली घासाघीस मग मुलीचा बाप करी, आणि तीही कर्ज काढून. मुलगी त्या सायकलवर बसली तर कॅरिअरवर.

२२/ म्हणूनच पुढचा टप्पा महत्त्वाचा ठरतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. ते ३,५०० रुपये होते. २०२२ मध्ये ५,००० झाले. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटासारख्या भागात शाळा सुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे अंतर.

२३/ अनुदानाची पद्धत नीट पाहावी. ३,५०० रुपये आधी मुलीच्या बँक खात्यात जमा होतात. खरेदीची पावती दाखवल्यावर उरलेले मिळतात. म्हणजे मधली रक्कम घरानेच उभी करायची. तरीही येथे दोन गोष्टी प्रथमच घडल्या. सायकलचे पैसे मुलीच्या नावावर आले आणि दुकानदाराला तिच्यासाठी पक्की पावती फाडावी लागली.

२४/ एव्हाना काळ्या सायकलचे राज्य संपले होते. १९८४ मध्ये हीरो होंडा स्थापन झाली. ज्या घराण्याने देशाला स्वस्त सायकल दिली, त्यानेच तिच्या गिऱ्हाइकाला मोटारसायकलवर बसवले. सायकलचे दुकान मुलांच्या रंगीत आणि गिअरच्या सायकलींकडे वळले. २०१७ मध्ये सायकलवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला.

२५/ कापूस विकताना शेतकऱ्याला संरक्षण हवे, हे वऱ्हाडाने १८९७ मध्येच ओळखले. तोच माणूस गिऱ्हाईक झाला की त्याला आपले संरक्षण स्वतः करावे लागले. जाणकार मामा, उधारीची वही, तासाचे भाडे आणि उशिरा घेतलेले कॅरिअर ही त्याची साधने होती. दुकानदारही त्याच तुटपुंज्या पैशावर जगत असल्याने त्याने या साधनांना जागा दिली.

२६/ या व्यवहाराचे दप्तर कोणत्याही अभिलेखागारात सलग सापडणार नाही. ते घरांत विखुरले आहे. पत्र्याच्या पेटीतील सायकलची पावती, कराचा बिल्ला, बंद पडलेल्या दुकानाची भाड्याची वही, ही सारी इतिहासाची अस्सल साधने आहेत. रद्दीत घालण्यापूर्वी त्यावरची तारीख आणि रक्कम एकदा वाचावी, आणि आजोबांना विचारावे : “हे पैसे तेव्हा आणले कुठून?”

#इतिहास #वऱ्हाड #अमरावती #अकोला #सायकल