दिनविशेष, ६ ऑक्टोबर : क्रिकेटच्या मैदानात विश्वचषक

२०१७ साली आजच्या दिवशी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यूझीलंड-तुर्कस्तान सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक महाराष्ट्रात आला. २००८ मध्ये खुले झालेले हे स्टेडियम मुळात क्रिकेटचे. छताला मध्ये कुठे खांब नाही. शेवटच्या रांगेतूनही चेंडू नजरेआड होत नाही. गोल मैदानात प्रेक्षक खेळापासून लांब पडतात, हा आक्षेप खराच. तरी पुढे स्पेन-माली उपांत्य सामना इथेच झाला, २०२२ मध्ये महिला आशियाई चषकाची अंतिम लढतही. मैदान फुटबॉलचे होते ते सामन्यांनी आणि निगराणीने. अकोल्यातल्या मोर्णाकाठच्या जुन्या शहरातल्या पोरांसाठी म्हणूनच नव्या स्टेडियमची वाट पाहू नये. लालबहादूर शास्त्री स्टेडियम असो की शाळेचे पटांगण, आहे तिथे नेमाने सामने भरवावेत.